धूर गेला, धुराडंही गेलं

सरावलीत पहाटे पाचच्या सुमाराला भिंतीपलीकडून तो आवाज येतो. आधी टिक-टिक-टिक, मग भप्प. पहिल्या पाळीला निघणाऱ्या कुणाच्या तरी बाथरूममधला गॅस गिझर पेटलेला असतो. कधी टिक-टिक नुसतीच चालू राहते. नळ बंद होतो, पुन्हा उघडतो, पुन्हा टिक-टिक. तिसऱ्या-चौथ्या वेळेला माणूस वैतागून गार पाण्यानेच अंघोळ उरकतो आणि संध्याकाळी येताना दोन मोठे सेल घेऊन येतो. सेल बदलले की गिझर पेटतो, आठवडाभर बरा चालतो आणि मग पुन्हा मध्येच विझायला लागतो. मग कुणीतरी मेकॅनिकचा नंबर देतं.

थंड देशांत घरातला गॅस हीटर म्हणजे खोली ऊबदार ठेवणारं यंत्र. आपल्याकडे गॅसवर तापतं ते पाणी, म्हणून या लेखातला हीटर म्हणजे गॅस गिझर. आणि सरावली म्हणजे भिवंडीजवळची नव्हे, पालघर तालुक्यातली, बोईसरला लागून असलेली, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या शेजारची. इथे चाळीच्या खोल्या आहेत, तीन-चार मजली इमारती आहेत, पाळ्यांवर जगणारी भाडेकरू कुटुंबं आहेत. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून विरार-वसईकडे रोज जा-ये करणारेही वाढले. या सगळ्यांना गरम पाणी हवं असतं ते अडनिड्या वेळी आणि ताबडतोब. जुन्या खोलीचं वायरिंग पंखा, टीव्ही, फ्रिज यांच्या हिशेबाने केलेलं असतं. तिथे तीन किलोवॅटचा विजेचा गिझर लावला की तार तापते, शिवाय त्यातून मिनिटाला दोन लिटरसुद्धा नीट गरम पाणी येत नाही. गॅसचा गिझर मिनिटाला सहा लिटर देतो, त्याला वीज लागत नाही आणि तो भिंतीवर दोन स्क्रूंवर टांगता येतो. त्यामुळे तो इतका पसरला यात नवल नाही, आणि लोकांनी चूक केली असंही मला वाटत नाही.

त्याच्या तक्रारींचा हिशेब मांडायचा तर आधी तो पेटतो कसा हे समजून घ्यायला हवं. नळ उघडला की पाणी गिझरच्या खालच्या पितळी भागातून जातं. तिथे एक रबरी पडदा असतो. वाहत्या पाण्यामुळे पडद्याच्या दोन बाजूंना दाबाचा फरक पडतो, पडदा हलतो, त्याला जोडलेली पिन एक छोटा स्विच दाबते. सेलवर चालणारं सर्किट जागं होतं, ठिणगी पाडतं आणि गॅसची विद्युत झडप उघडतं. ज्योत लागली की बर्नरवरच्या तारेला ती जाणवते. नाही जाणवली, तर काही सेकंदांत झडप बंद होते. म्हणजे पाणी, सेल, गॅस आणि हवा, चौघांनी हजेरी लावली तरच गिझर चालतो. मेकॅनिक पहिल्या तिघांची चौकशी करतो. चौथ्याकडे क्वचितच कुणी बघतं, आणि या लेखाला कारण तेच आहे.

आधी पाण्याचं. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचे भाडेकरू हमखास म्हणतात, आमचा गिझर पेटतच नाही. त्यांच्या डोक्यावर टाकी जेमतेम पाच-सहा फुटांवर असते. पाण्याची उंची दहा मीटर असेल तेव्हा कुठे एक बार दाब मिळतो; पाच-सहा फुटांत त्याचा पाचवा हिस्साही नाही. तेवढ्याने पडदा हलत नाही. खालच्या मजल्यावर तोच गिझर नेऊन लावला तर पहिल्या झटक्यात पेटतो. इथे गिझर बदलून काही होत नाही. टाकी उंच करायची किंवा छोटा प्रेशर पंप बसवायचा. कमी दाबावर चालणारी मॉडेलंही मिळतात, पण घेताना आपला मजला सांगावा लागतो.

दुसरं, बोअरचं पाणी. या पट्ट्यात सूर्या नदीचं पाणी सगळ्यांना सगळ्या वेळी पुरत नाही; बोअर आणि टँकर ठरलेले. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर तांब्याच्या नळीत आतून थर धरतात. बादलीच्या कडेला पांढरी रेघ दिसते तोच हा थर. पाण्याची धार बारीक होते, नळीतून ‘खदखद’ असा आवाज येतो, मग गिझर जास्त तापला म्हणून त्याचा सुरक्षा-स्विच त्याला बंद करतो. थंड पाणी आत येतं त्या जोडाशी एक बारीक जाळी असते. तिच्यात टाकीतला गाळ, गंजाचे कण अडकतात. जाळी काढून दातांच्या जुन्या ब्रशने घासणं हे घरच्या घरी करण्याजोगं काम आहे, गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून. क्षार काढण्यासाठी सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्वाचं द्रावण नळीत काही वेळ ठेवून धुतात, ते मात्र जाणकाराकडून करून घ्यावं. शॉवरची भोकं बुजली तरी हीच लक्षणं दिसतात. अंघोळ करताना शेजारचा गार पाण्याचा नळ मोठा सोडला तरीही. दाब तिकडे वळतो आणि इकडे ज्योत विझते.

सेलबद्दल फार लिहायला नको. दीड व्होल्टचे दोन, जाड, अल्कलाइन घ्यावेत. दमट हवेत सेलच्या डबीतल्या पत्रीवर हिरवट थर चढतो, तो खरवडला नाही तर नवा सेलही मेल्यासारखा वागतो.

गॅसच्या बाजूला घोटाळे अधिक आहेत, कारण तिथे जुगाड चालतो. घरात एकच सिलिंडर, त्याला टी-जोड लावून एक नळी शेगडीला, एक बाथरूमकडे. सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे 30 मिलिबार दाबाने गॅस सोडतो. सहा लिटरचा गिझर पूर्ण ताकदीने चालला तर तासाला जवळजवळ एक किलो गॅस खातो, शेगडीच्या मोठ्या बर्नरपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय पातळ गॅसची वाफ व्हायला उष्णता लागते ती तो सिलिंडरच्या पत्र्यातूनच घेतो. थंडीच्या पहाटे लागोपाठ चार अंघोळी झाल्या की सिलिंडरच्या अंगावर दव धरतं, दाब उतरतो, ज्योत मरगळते. अशा वेळी लोक सिलिंडरवर गरम पाणी ओततात, त्याला आडवा करतात. हे कधीही करू नये. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी पातळ गॅस नळीत येऊ शकतो. नारिंगी सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षांचं. तारीख तिच्यावरच छापलेली असते. पिवळट, भेगाळलेली रबरी नळी दाराच्या फटीतून बाथरूममध्ये नेलेली मी पाहिली आहे. दार रोज तिच्यावर आपटत होतं.

एक नवा घोटाळा पाइपच्या गॅसचा. पालघर-बोईसर पट्ट्यात गुजरात गॅसची पाइपलाइन आली, तसा शेगडीचा जेट, म्हणजे गॅस सुटतो ते बारीक तोंड, बदलून दिला जातो हे लोकांना कळलं. पण गिझरचाही जेट वेगळा असतो हे लक्षात राहत नाही. पाइपचा गॅस हलका मिथेन, दाब 21 मिलिबार. सिलिंडरचा गॅस जड आणि अधिक उष्णता देणारा. सिलिंडरचा गिझर पाइपला लावला तर ज्योत बुटकी होते, पाणी कोमट येतं; एवढंच. उलट मोठ्या जेटचा, पाइपच्या गॅससाठी केलेला गिझर कुणी सेकंडहँड घेऊन सिलिंडरला जोडला, तर बर्नरला पेलणार नाही इतका गॅस जातो, ज्योत पिवळी आणि लांब होते, वर काजळी धरते. खोली बदलताना गिझर विकले-घेतले जातात, म्हणून मुद्दाम सांगतो: मागच्या पट्टीवर कोणत्या गॅसचा आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय घेऊ नये.

इथून हवेची गोष्ट सुरू होते, आणि तिच्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

‘गिझर’ हे नाव मूळचं आइसलंडमधल्या उष्ण पाण्याच्या कारंज्याचं. ते पाणी तापवण्याच्या यंत्राला दिलं लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यांनी, 1868 साली. त्यांच्या यंत्रात वरून गार पाणी पडायचं, खालून गॅसच्या ज्योतीची गरम हवा वर यायची, दोघांची गाठ पडून पाणी तापायचं. कल्पना उत्तम होती, पण जळालेला वायू बाहेर न्यायला त्याला धुराडं नव्हतं. सगळं जळकं बाथरूममध्येच राहायचं. पुढे युरोपने त्यातून धडा घेतला. जर्मनीत ह्युगो युंकर्स यांनी, जे नंतर विमानांसाठी प्रसिद्ध झाले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला गॅसवरचे बाथ-हीटर बाजारात आणले आणि धुराडं जोडणं हळूहळू नियमाचा भाग बनलं. आज आपल्या बाथरूममध्ये टांगलेला स्वस्त गिझर या बाबतीत मॉन यांच्या यंत्राच्या जवळचा आहे. पाणी आणि ज्योत आता वेगळी आहेत, पण वरच्या पत्र्यातल्या खाचांतून जळका वायू सरळ खोलीतच सुटतो.

आपल्याकडे याआधी काय होतं? तांब्याचा बंब. मधोमध नळकांडं, त्यात झावळ्या, शेंड्या, लाकडाच्या ढलप्या, वर धुराडं. केळवे-माहीम, चिंचणीकडच्या वाड्यांत तो मागच्या पडवीत किंवा अंगणातच असायचा. पाड्यांवर तर बाहेर तीन दगडांवर हंडा. घरात कुणी बंब पेटवत नसे, कारण डोळे चुरचुरत. धूर माणसाला सांगायचा की मला बाहेर ठेवा, आणि माणूस ऐकायचा. गॅस आला तेव्हा धूर गेला. डोळे चुरचुरेनात, भिंत काळी होईना, म्हणून बंबाची जागा घेणारं यंत्र बिनदिक्कत घराच्या सर्वांत लहान, सर्वांत बंद खोलीत आलं. कडी लावून, खिडकीच्या काचा मिटून, तासाला किलोभर इंधन जाळणारी भट्टी आपण डोक्यावर टांगली.

हिशेब मांडून पाहू. इथल्या खोलीचं बाथरूम चार फूट बाय पाच फूट, उंची आठ. म्हणजे साधारण साडेचार हजार लिटर हवा. पूर्ण ताकदीने चाललेला गिझर दहा मिनिटांत सुमारे दोन हजार लिटर हवेतला ऑक्सिजन संपवतो. स्वस्थ बसलेली सव्वाशे-दीडशे माणसं मिळून जेवढा घेतील तेवढा. बाथरूम अगदी हवाबंद असेल तर हवेतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 18 वर यायला तीन-चार मिनिटं पुरतात. दाराखाली फट असते, म्हणून प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. पण एकामागून एक घरातले चौघे अंघोळीला जातात तेव्हा चौथ्याच्या वाट्याला येते ती पहिल्या तिघांची जळकी हवा. ऑक्सिजन कमी पडला की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो.

तारापूरच्या आसपास राहणाऱ्यांचं नाक तयार असतं. रात्री वारा फिरला की कोणता वास कुठल्या बाजूने आला यावर चाळीत चर्चा होते. सिलिंडरचा गॅस गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या उग्र वासाने लगेच कळतं. तो जड असल्याने जमिनीलगत साचतो, दारं-खिडक्या उघडायच्या, बटण दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद करून 1906 ला फोन करायचा, हे बऱ्याच जणांना पाठ आहे. पण वासावर विसंबायची हीच सवय इथे दगा देते. ‘वास येत नव्हता हो’, हे वाक्य अशा अपघातानंतर हमखास ऐकू येतं. जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत एक किशोरवयीन मुलगी अंघोळीला गेली आणि गिझरच्या वायूने बेशुद्ध झाली. काही दिवसांनी ती दगावली. दर हिवाळ्यात राज्याच्या कुठल्या ना कुठल्या शहरातून अशी बातमी येते, दोन दिवस हळहळ होते.

जे मरत नाहीत त्यांची नोंद तर होतच नाही. अंघोळीनंतर डोकं जड होणं, मळमळ, पाय लटपटणं, कपडे घालताना अंधारी येणं. यावर घरात ‘पित्त झालं’, ‘रिकाम्या पोटी अंघोळ केलीस’ असं म्हटलं जातं. काहींना बाथरूममध्येच झटका येतो, आणि मिरगी समजून वर्षानुवर्षं गोळ्या चालू राहतात. मेंदूविकार तज्ज्ञांनी या सगळ्याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच दिलं आहे. झटका आला हे सांगताना तो कुठे आला, गिझर चालू होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं. आणखी एक: कोविडच्या काळात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला लालच दिसतं, ते 98 दाखवत राहतं आणि माणूस मात्र गुदमरलेला असतो. दार फोडून आधी माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, 108 ला फोन करायचा आणि रुग्णालयात पोचताच ‘गॅस गिझर’ हे दोन शब्द सांगायचे. साध्या हवेत हा वायू निम्म्याने उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात.

हे समजलं की सुरुवातीच्या त्या तक्रारीकडे पुन्हा बघावंसं वाटतं. आमच्याच घरातला गिझर एका हिवाळ्यात पाच-सात मिनिटांनी विझायचा. दोनदा सेल बदलले, एकदा पडदा बदलून घेतला. शेवटी कारण सापडलं ते व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्यांत. डासांसाठी आणि गार वाऱ्यासाठी त्या पट्ट्यांमागे पुठ्ठा लावला होता, तो दिवाळीपासून तिथेच होता. ज्योतीला हवा पुरत नव्हती म्हणून ती विझत होती, आणि आम्ही तिला पुन्हा पुन्हा पेटवत होतो. त्या आठवणीने अजून अंगावर काटा येतो. पाणी, सेल, गॅस ठीक असूनही गिझर मध्येच विझत असेल तर तो दुरुस्त करण्याआधी खिडकी पाहावी.

ज्योतीचा रंगही पाहावा. ती निळी आणि ठाम हवी. अधूनमधून नारिंगी ठिणगी दिसली तर घाबरू नये, किनाऱ्याकडच्या हवेत मीठ आणि धूळ असतेच. पण टोकं सतत पिवळी राहत असतील, वरच्या खाचांशी काजळी असेल, पेटताना ‘भप्प’चा दणका मोठा होत चालला असेल, तर गिझर वापरणं थांबवावं. बर्नरच्या भोकांत धूळ, कोळ्याची जाळी साचतात. काजळीने तांब्याच्या पंखांमधली वाट बुजते. जळका वायू वर जाऊ न शकल्याने ज्योत आणखी बिघडते. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, आतून सफाई करून घेणं हा त्यावरचा उपाय आहे आणि बहुतेक घरांत तो गिझर बंद पडल्याशिवाय होत नाही.

दुकानदार सांगतो त्या ‘सेफ्टी’बद्दलही स्पष्ट बोलायला हवं. ज्योत विझली तर गॅस बंद करणारी सोय चांगली आहे, पण ती फक्त ज्योत आहे की नाही एवढंच बघते. हवेत काय मिसळतंय हे तिला कळत नाही. वीस मिनिटांनी बंद होणारा टायमर नळ पुन्हा उघडताच नव्याने मोजायला लागतो. अशा छोट्या गिझरसाठी आयएस 15558 हे भारतीय मानक आहे, त्याची खूण असलेला गिझर जरूर घ्यावा, पण कोणतंही मानक तुमच्या बाथरूमची खिडकी उघडायला येत नाही. एक्झॉस्ट फॅनचाही गैरसमज आहे. दार घट्ट, खाली फट नाही आणि वर फॅन चालू, अशा खोलीत फॅनला ओढायला हवाच मिळत नाही. दाराला खालून जाळी पाहिजे आणि वर फॅन किंवा उघडी झडप पाहिजे. दोन्ही मिळून एक रस्ता होतो.

खरी जागा मात्र बाहेरचीच. गॅलरी, मागचा पॅसेज, मोरीच्या बाहेरची भिंत, जिथे बंब असता तिथे. पाइप सहा-आठ फुटांनी लांबतो, गरम पाणी यायला काही सेकंद जास्त लागतात, वर पावसासाठी पत्र्याचा तुकडा लावावा लागतो. खर्च गिझरच्या किमतीपेक्षा कमीच येतो. आणि ते होईपर्यंत बादली आहे. दार उघडं ठेवून गिझरने बादली भरायची, तीन मिनिटं लागतात, गिझर बंद करायचा आणि मग आत जाऊन कडी लावायची. शॉवरखाली पंधरा मिनिटं उभं राहण्याची चैन मात्र सोडावी लागते.

या गावात हे समजावून सांगायला बाहेरून कुणी यायची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं. तारापूरच्या कापड प्रोसेसिंग आणि रसायनांच्या कारखान्यांत बॉयलर आहेत. तिथे काम करणारा माणूस काचेतून ज्योतीचा रंग बघतो, हवा किती सोडायची ते ठरवतो, धुराड्याचा ओढा तपासतो. त्याच्याकडे परवाना असतो, बॉयलरची ठरलेल्या मुदतीने तपासणी होते. पाळी संपवून तोच माणूस घरी येतो आणि ज्या यंत्राला ना धुराडं ना तपासणी, त्याच्याखाली अंघोळीला उभा राहतो. ब्रिटनमध्ये घरातल्या गॅसच्या उपकरणाला हात लावणाऱ्या कारागिराची नोंदणी सक्तीची आहे; आपल्याकडे गिझर टांगून देणारा कुणीही असू शकतो. ग्रामपंचायतीने, सोसायट्यांनी, निदान गॅस वितरकाने नळी तपासायला येणाऱ्या माणसाकरवी, बाथरूममध्ये एकदा डोकावून पाहिलं तरी पुष्कळ फरक पडेल.

अडचण मालकीची आहे. खोली मालकाची, गिझर भाडेकरूचा, करार अकरा महिन्यांचा. बाहेरच्या भिंतीतून पाइप काढायला मालक परवानगी देत नाही, आणि अकरा महिन्यांसाठी भाडेकरू खर्च करत नाही. खोली सोडताना तो गिझर काढून नेतो, नळीचं तोंड बुच लावून बंद करतो. भिंतीवर दोन स्क्रू तेवढे राहतात. पुढचा भाडेकरू सामान लावता लावता ते बघतो आणि आपला गिझर त्यांच्यावरच अडकवतो.